पोर्तुगाल: दहा रात्री, तीन मुक्काम

टूर कंपन्यांची माहितीपत्रकं चाळली तर पोर्तुगाल बहुतेक वेळा स्पेनच्या शेपटाला बांधलेला सापडतो. माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिल उरकलं की उरलेले दोन दिवस लिस्बनला. बसमधून उतरा, नदीकाठच्या बुरुजासमोर फोटो काढा, अंड्याची टार्ट खा आणि विमानतळ गाठा. देश लहान आहे हे खरं. क्षेत्रफळ साधारण ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही थोडं कमी. पण वसई, चौल, दमण, गोवा यांचा कारभार ज्या दरबारातून हलला, त्याच्यासाठी दोन दिवस म्हणजे फारच चिकूपणा झाला. इतर प्रवाशांना तिथे निळ्या फरशा, समुद्र आणि वाइन दिसते. आपल्याला त्याच दगडांत आपल्या किनाऱ्याचाही इतिहास वाचता येतो, आणि त्यासाठी थोडी सवड लागते.

म्हणून हा आराखडा दहा रात्रींचा आहे: लिस्बनला पाच, कोइंब्राला एक, पोर्तोला चार. मुक्काम तीनच. रोज बॅग भरून नव्या गावी जाण्यापेक्षा एका ठिकाणी राहून सकाळी जावं आणि संध्याकाळी परत यावं, असाच हा देश आहे. लिस्बन ते पोर्तो वेगवान रेल्वेने सुमारे तीन तास, बाकी बहुतेक ठिकाणं या दोन शहरांपासून तास-दोन तासांवर.

आधी तारखा, तिकीट आणि व्हिसा

एप्रिल ते जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये लिस्बनला गर्दी असते, आणि आतल्या आलेंतेजो भागात पारा चाळिशी गाठतो. ज्याला उन्हाळ्यातला विदर्भ माहीत आहे त्याला त्यात नवल नाही, पण त्यासाठी युरोपात पैसे मोजायची गरज नाही. हिवाळा सौम्य असतो, मात्र उत्तरेला पोर्तोकडे पाऊस बराच.

मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल, फ्रँकफर्ट अशा कुठून तरी बदलावं लागतं. तिकीट काढताना जाताना लिस्बन आणि येताना पोर्तो असा शोध घ्या. बऱ्याचदा किमतीत फारसा फरक नसतो आणि शेवटच्या दिवशी पोर्तोहून लिस्बनला परत यायचे तीन तास वाचतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. तेवढ्यावर थांबू नका, दोन महिने हाताशी ठेवा, कारण खरी अडचण अपॉइंटमेंट मिळण्याची असते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३० हजार युरोंचं वैद्यकीय कवच असलेला प्रवास विमा लागतो. स्पेनही जोडणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. ज्या विमानतळावर तुम्ही शेंगेनमध्ये पाऊल टाकणार तिथे ही रांग लागते, त्यामुळे फ्रँकफर्टला विमान बदलणार असाल तर मधे तीन तास तरी असू द्या.

तारखा ठरल्या की लगेच करायची कामं दोन. पहिलं, सोमवार कुठे येतो ते पाहणं: लिस्बनची बरीच संग्रहालयं आणि शहराच्याच बेलें भागातला मठ सोमवारी बंद असतो. दुसरं, रेल्वेची तिकिटं. लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर निम्म्याच्या आसपास पडतात, आयत्या वेळी पूर्ण भाडं. रेल्वे कामगारांचे संप अधूनमधून होतात आणि आधी जाहीर होतात, तेव्हा आदल्या दिवशी एकदा बातमी पाहून ठेवा.

लिस्बन, पहिला दिवस: वर गाडीने, खाली पायी

शहर टेकड्यांवर वसलेलं आहे आणि फुटपाथ चुनखडीच्या लहान चौकोनी दगडांचे. झिजून गुळगुळीत झालेले, ओले झाले की निसरडे. रबरी तळाचे, पकड असलेले बूट घ्या. चकचकीत फोटोंसाठी आणलेली सँडल पहिल्याच उतारावर पिशवीत जाते.

पहिल्या दिवसाचा नियम सोपा: चढ वाहनाने, उतार पायाने. ग्रासा भागापर्यंत ट्रामने किंवा टॅक्सीने जा आणि सेन्योरा दु मोंत या ठिकाणापासून सुरुवात करा. तिथून किल्ला, लाल कौलं, तेजो नदीचं रुंद पात्र आणि त्यावरचा लाल झुलता पूल असं सगळं एका नजरेत येतं. हा पूल १९६६ चा. तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४ च्या क्रांतीनंतर '२५ एप्रिल' हे नाव मिळालं. तिथून उतरत पोर्ताश दु सोल आणि शेजारची सांता लुझिया. या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांचं एक चित्र आहे, १७५५ च्या भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक दाखवणारं. ते नीट पाहून ठेवा, कारण तासाभराने तुम्ही त्याच चौकात उभे असाल आणि त्यातलं जवळजवळ काहीच शिल्लक नसेल.

खाली अल्फामाच्या गल्ल्या. इथे नकाशा खिशात ठेवला तरी चालतं. उतार धरला की माणूस नदीला लागतो. वाटेत कॅथेड्रल, आणि त्याच्याच पायथ्याशी सेंट अँथनीचं छोटं चर्च. वसई-गोव्यातल्या घराघरांत ज्याची तसबीर असते तो हा संत जगभर पादुआचा म्हणून ओळखला जातो, पण जन्मला लिस्बनमध्ये, आणि हे चर्च त्याच्या जन्मस्थानी बांधलेलं मानतात. १२ जूनच्या रात्री त्याच्या सणाला अल्फामात पाय ठेवायला जागा नसते आणि गल्लोगल्ली तारल्यांसारखी सार्डिन मासळी निखाऱ्यावर भाजत असते.

१ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी भूकंप झाला, मागून समुद्राची लाट आली, मग दिवसचे दिवस आग. आज बायशा भागात जे सरळ, काटकोनातले रस्ते दिसतात ते त्यानंतर राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसने आखून घेतले. इमारतींच्या भिंतींत लाकडी सांगाडा बसवला, आणि तो टिकतो का हे बघायला नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावली असं सांगतात. भूकंपाची खूण जशीच्या तशी पाहायची तर वर कार्मो मठात जा. छत कोसळलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानी उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. मठासमोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान शरण आला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला होता, पण गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेली भारताची आहेत हे पोर्तुगालने करार करून मान्य केलं ते या क्रांतीनंतर, डिसेंबर १९७४ मध्ये. त्या अर्थाने हा चौक आपलाही आहे.

ट्राम २८ बद्दल: लाकडी बाकांची, कर्रकर्र वळणारी ती पिवळी ट्राम सुंदर आहे, पण सकाळी आठनंतर तीत शिरणं म्हणजे संध्याकाळच्या दादरच्या फलाटावर उभं राहणं, आणि पाकीटमारांचीही ती आवडती गाडी. एकदा बसायचंच असेल तर भल्या सकाळी मार्तिम मोनिझच्या थांब्यावरून. इतर वेळी मेट्रो उत्तम. स्टेशनवर 'नावेगांत' नावाचं पुन्हा भरता येणारं कार्ड मिळतं. ते प्रत्येकाचं वेगळं लागतं, एकाच कार्डावर घरातल्या चौघांना जाता येत नाही. फुनिक्युलर (दोराने ओढली जाणारी, चढावरची रेल्वे) आणि लिफ्टच्या भरवशावर दिवस आखू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया फुनिक्युलरला भीषण अपघात झाला, त्यानंतर या सेवांचं वेळापत्रक बदललेलं आहे.

रात्री फाडो, म्हणजे इथलं हुरहूर लावणारं पारंपरिक गाणं, ऐका. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात, वेटरही जागच्या जागी थांबतो, आणि बोलणाऱ्याकडे सगळे वळून बघतात. जेवण धरून ठराविक रक्कम मागणाऱ्या मोठ्या हॉटेलांपेक्षा अल्फामातल्या चार-सहा टेबलांच्या जागा बऱ्या.

दुसरा दिवस: बेलें, आणि दगडातले हत्ती

काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकलने बेलें काही मिनिटांवर. ट्रामही जाते, पण खच्चून भरलेली. दार उघडताना जेरोनिमोस मठापाशी हजर राहा. तिकीट ऑनलाइन काढलेलं असू द्या.

हा मठ १५०१ मध्ये राजा मानुएलने बांधायला घेतला, आणि पैसा आला मुख्यतः पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून. म्हणजे मलबारच्या मिरीतून. दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, प्रवाळ, समुद्री वेली पाहिल्या की हे कोणाच्या पैशाने झालं हे वेगळं सांगावं लागत नाही. तिकीट मठाच्या दुमजली प्रांगणाला आहे. चर्चची रांग वेगळी, आणि तिथे तिकीट नाही. अनेक जण प्रांगण पाहून निघून जातात. तसं करू नका, आपल्यासाठी खरी गोष्ट चर्चमध्ये आहे.

आत शिरताच डावीकडे वास्को द गामाची समाधी. वर हात जोडून पहुडलेला पुतळा, बाजूला कोरलेलं गलबत. तो १४९७ च्या जुलैमध्ये याच किनाऱ्यावरून निघाला, १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला पोचला, आणि तिसऱ्या फेरीत १५२४ मध्ये कोचीला मेला. अवशेष १५३९ मध्ये मायदेशी आणले, आणि इथे तर ते १८८० मध्ये आले. समोर उजवीकडे कवी कामोंइश, ज्याने त्या सफरीवर महाकाव्य लिहिलं आणि स्वतः काही काळ गोव्यात काढला.

आता सरळ वेदीपर्यंत जा. दोन्ही बाजूंना राजांच्या संगमरवरी शवपेट्या आहेत, आणि त्या पेलून धरल्या आहेत हत्तींनी. युरोपच्या पश्चिम टोकाला, चर्चच्या गाभाऱ्यात, हत्ती. एका बाजूला मानुएल, दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा तिसरा जुआंव. याच जुआंवच्या कारकिर्दीत, १५३४ च्या तहाने, गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. ती परत घ्यायला चिमाजी अप्पांना १७३९ उजाडलं. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या दर्शनी भिंती पाहिलेल्या माणसाने त्या हत्तींपाशी दोन मिनिटं थांबावं.

तिथून नदीकाठी चालत स्मारकाकडे. ५२ मीटर उंच दगडी जहाजाच्या आकाराचं हे शोधस्मारक १९६० मधलं, सालाझारच्या राजवटीतलं. राजपुत्र हेन्रीच्या मागे दर्यावर्दी, कवी, धर्मोपदेशक ओळीने उभे. फ्रान्सिस झेवियरही त्यात आहे. समोरच्या जमिनीवर संगमरवरी नकाशा आहे, जहाजं कुठे कधी पोचली त्याच्या सालांसह. एवढा थाट उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवा हातातून गेला.

पुढे बेलेंचा बुरूज. तो दुरुस्तीसाठी बंद असतो का ते आधी पाहा, पण खंत करू नका: आतून तो अरुंद जिने आणि कोंदट खोल्या एवढाच आहे, देखणा आहे तो बाहेरून. टेहळणीच्या एका मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचं झिजलेलं डोकं शोधा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिलेला गेंडा १५१५ मध्ये गोव्याहून जहाजाने लिस्बनला आला. जर्मनीत बसून, जनावर न बघता, आल्ब्रेख्त ड्यूररने ज्याचं जगप्रसिद्ध चित्र काढलं तो हाच. पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवताना जहाज बुडालं आणि बिचारा गेला.

मठाशेजारच्या १८३७ पासूनच्या दुकानात टार्ट खायची असेल तर बाहेरची लांब रांग बहुधा बांधून नेणाऱ्यांची असते. आत एकामागे एक खोल्या आहेत, तिथे टेबल लवकर मिळतं. वरून दालचिनी भुरभुरा.

तिसरा दिवस: सिंत्रा

रोसिओ स्टेशनवरून सिंत्रा चाळीस मिनिटं. शनिवार-रविवार नको, आणि सोमवारही नको, कारण लिस्बनची संग्रहालयं बंद म्हणून सगळं शहर इकडे लोटतं. पेना राजवाड्याच्या तिकिटावर आत जायची ठराविक वेळ असते. ती वेळ राजवाड्याच्या दाराची, बागेच्या फाटकाची नव्हे! फाटकापासून वर चढायला अर्धा तास धरा. लाल-पिवळा पेना बाहेरून एखाद्या बालकथेतला वाटतो. आतल्या खोल्यांची रांग कूर्मगतीने सरकते. गर्दीचा त्रास होत असेल तर फक्त बागेचं तिकीट घ्या, काही बिघडत नाही.

किंता दा रेगालेइराची उलटी विहीर, म्हणजे गोल जिन्याने २७ मीटर खाली जाणारा दगडी कूप, मुलांना हमखास आवडतो. माझी स्वतःची पसंती मात्र मोंसेरात. गावापासून थोडा लांब म्हणून शांत, वाड्यात मुघल धाटणीची जाळीकामं, आणि बागेत १८५७ च्या उठावानंतर भारतातून आणलेली एक दगडी कमान. त्याच रस्त्यावर पेन्या व्हेर्द ही खासगी वाडी लागते. ती जुआंव द कास्त्रोची. पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झालेल्या या माणसाने त्याआधी कोकण किनाऱ्याच्या सफरीत घारापुरीच्या लेण्यांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. संध्याकाळी वेळ उरला तर बसने काबो दा रोका, युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक. वारा टोपी उडवणारा असतो.

चौथा दिवस: एव्होरा की पेनिश?

इथे निवड करावी लागेल.

एव्होरा रेल्वेने दीड तास. पहिल्या शतकातलं रोमन मंदिर गावाच्या मधोमध उभं आहे, आणि सांव फ्रांसिश्कु चर्चला लागून हाडांचं प्रार्थनागृह. भिंती आणि खांब मानवी कवट्या-हाडांनी मढवलेले, दारावर लेख: 'आम्ही इथली हाडं, तुमच्या हाडांची वाट पाहतोय.' लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा. वाटेत खिडकीतून बुचाच्या ओकची झाडं दिसतात, खालचा अर्धा बुंधा सोललेला आणि तांबूस. त्या बुंध्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवलेला असतो. तो साल सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. ४ असेल तर २०२४. त्यानंतर नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही, असा कायदा आहे. जगातलं जवळजवळ निम्मं बूच या देशातून येतं.

पेनिश दुसऱ्या दिशेला, लिस्बनपासून सुमारे शंभर किलोमीटर, एक्सप्रेस बसने. मासेमारीचं बंदर आणि समुद्रात घुसलेला किल्ला. सालाझारच्या काळात तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये शिक्षा देऊन इथेच पाठवलं, पाठोपाठ पुरुषोत्तम काकोडकरांसारखे इतर गोमंतकीयही. आता किल्ल्यात प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. कोठड्यांच्या ओळी, भेटीच्या खोल्या, आणि खाली खडकावर आपटणाऱ्या लाटा. मराठी-गोमंतकीय माणूस लिस्बनपर्यंत जातो आणि इथे जात नाही, याचं मला वाईट वाटतं. परतताना तटबंदीतलं ओबिदुश गाव याच बाजूला पडतं. तटावरून फेरी मारता येते, पण आतल्या बाजूला कठडा नाही, जपून.

मला विचाराल तर इतिहासात रस असणाऱ्यांनी पेनिश, बाकीच्यांनी एव्होरा.

कोइंब्रा: एक रात्र

पाचवी रात्र झाली की सकाळच्या गाडीने कोइंब्रा, पावणेदोन तास. गाडी कोइंब्रा-बी स्टेशनवर थांबते, ते गावापासून बाजूला आहे, टॅक्सी करा. टेकडीवरचं विद्यापीठ १२९० मध्ये स्थापन झालेलं, १५३७ पासून कायमचं इथे. जुआनिना ग्रंथालयासाठी ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. सोन्याचा मुलामा दिलेली लाकडी कपाटं, आणि रात्री पुस्तकांना लागणारे किडे खायला वटवाघळं. त्यांच्या शिटांपासून वाचवायला टेबलांवर कातडं अंथरून ठेवतात आणि सकाळी झाडून काढतात. ही व्यवस्था शतकानुशतकं चालू आहे.

गाडी चालवायची तयारी असेल तर लिस्बन ते कोइंब्रा एवढ्या टप्प्यासाठीच कार भाड्याने घ्या. मग वाटेत आल्कोबासा, बाताल्या आणि तोमार असे तीन मठ होतात. आल्कोबासात राजा पेद्रू आणि इनेश यांच्या समाध्या पायाशी पाय अशा ठेवल्या आहेत, कयामतीच्या दिवशी उठताक्षणी एकमेकांचं तोंड दिसावं म्हणून. इनेशला पेद्रूच्या बापाच्या हुकमाने १३५५ मध्ये ठार मारलं होतं. तिघांपैकी एकच करायचा तर धर्मयुद्धं लढणाऱ्या टेम्पलर योद्ध्यांचा तोमार. वाहन उजव्या बाजूने चालवायचं आणि आंतरराष्ट्रीय परवाना जवळ हवा. काही महामार्गांवर टोल कॅमेऱ्याने आपोआप नोंदला जातो, तेव्हा गाडी घेतानाच त्यासाठीचं यंत्र मागून घ्या.

पोर्तो: चार रात्री

लिस्बन पांढरं आणि उघडं, पोर्तो दगडी आणि करडं. मला पोर्तो जास्त भावतं, हे आधीच सांगून टाकतो. लांबची गाडी कांपान्यां स्टेशनवर थांबते. तिथून लोकल पकडून एक स्टेशन पुढे सांव बेंतोला उतरा, कारण शहरात शिरायचं दार तेच. दालनाच्या भिंतींवर जॉर्ज कोलासोने रंगवलेल्या सुमारे वीस हजार फरशा. लोक मान वर करून उभे असतात आणि त्यांच्या मधून कामावर निघालेली माणसं वाट काढत असतात.

पहिल्या दिवशी कॅथेड्रलवरून दोम लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावर चालत जा. १८८६ चा हा लोखंडी पूल आयफेलच्या जुन्या भागीदाराने, सेरिगने आखला. वर मेट्रो, खाली मोटारी, दोन्हीकडे पादचारी. पलीकडे गाया गावात पोर्ट वाइनची तळघरं. आंबणं मध्येच थांबवायला द्राक्षाचं स्पिरिट घालतात, म्हणून गोडवा राहतो आणि मद्यांश वीस टक्क्यांच्या आसपास जातो. एका तळघराची सफर पुरे, दुसरीत तेच ऐकायला मिळतं. परत येताना पुलाच्या खालच्या मजल्यावरून रिबेइरा घाटावर. सांव फ्रांसिश्कु चर्चचं सोनेरी लाकूडकाम चुकवू नका. लेलो पुस्तकाच्या दुकानाला तिकीट आहे, ते पुस्तक घेतलं तर वळतं होतं. जिना खरोखर सुरेख, पण गर्दीत तो दिसेल का, हा प्रश्न आहे.

एक पूर्ण दिवस दोउरो नदीच्या रेल्वेसाठी राखा. पोर्तोहून पिन्यांव सुमारे अडीच तास. जाताना उजवीकडच्या खिडकीला बसा. पहिला तासभर साधी गावं दिसतात, मग रूळ नदीला लागतात आणि शेवटपर्यंत सोडत नाहीत. समोर डोंगरच्या डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापून लावलेले द्राक्षमळे. पोंबालने १७५६ मध्येच या प्रदेशाची हद्द आखून दिली होती. पिन्यांवला तासाभराची नावेची फेरी, स्टेशनच्या भिंतीवरची द्राक्षतोडणीची चित्रं, जेवण, आणि परतीची गाडी. परतीच्या गाड्या मोजक्या असतात, वेळ उतरतानाच टिपून घ्या.

उरलेला दिवस ब्रागा किंवा गिमाराइश, दोन्ही लोकलने तासाभरावर. ब्रागाच्या बों जेझुश टेकडीवर १८८२ चं फुनिक्युलर आजही पाण्याच्या वजनावर चालतं: वरच्या डब्याची टाकी भरली की तो खाली येतो आणि खालचा वर चढतो. वर त्याने जा, खाली ५७७ पायऱ्यांनी उतरा. तुमच्या तारखांत २३ जून येत असेल तर मात्र कुठेही जाऊ नका. सांव जांवच्या त्या रात्री गोव्यात विहिरीत उड्या मारायची तयारी चाललेली असते, आणि पोर्तोत अख्खं शहर प्लॅस्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यावर टपल्या मारत फिरतं.

जेवणाचं

बसल्याबरोबर टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येऊन पडतं. ते फुकट नसतं. खाल्लं तर पैसे, नको असेल तर हात न लावता परत द्या; कोणी वाईट मानत नाही. दुपारी 'प्रातु दु दिया' म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं ताट स्वस्त आणि चांगलं. रात्रीचं जेवण साडेसातनंतरच.

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. ताजी मासळी अनेकदा किलोच्या भावाने लावतात, म्हणून मासा दाखवायला सांगा आणि वजन विचारा. सुकवलेला, खारवलेला कॉड हे त्यांचं राष्ट्रीय अन्न. कोकणातल्या माणसाला बाजारातला तो वास परका वाटणार नाही.

शाकाहाऱ्यांना थोडं सांभाळावं लागतं. काल्दु व्हेर्द हे पालेभाजीचं सूप दिसायला निरागस, पण वर सॉसेजची चकती तरंगत असते. 'सें कार्न, सें पेइश' (मांस नको, मासा नको) एवढं पाठ करून ठेवा, आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. जवळजवळ प्रत्येक गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो. अंडंही न खाणाऱ्यांनी फळं, पाव-चीज आणि बदाम-अंजिरांवर भागवावं. लिस्बनला मार्तिम मोनिझच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी खाणावळींची रांग आहे. कॅफेच्या काचेत सामोशासारखं त्रिकोणी काही दिसलं तर तो सामोसाच, गोव्याच्या आणि मोझांबिकच्या वाटेने आलेला. सारण बहुधा मांसाचं असतं.

जे या खेपेला सोडलं

दक्षिणेचा आल्गार्व्ह किनारा सुंदर आहे, पण समुद्रात पोहायचं नसेल तर त्याच्यासाठी तीन दिवस वेगळे काढण्यात अर्थ नाही. बेनाजीलच्या प्रसिद्ध गुहेतही आता पोहत जाता येत नाही, वाळूवर उतरता येत नाही. नाझारेच्या राक्षसी लाटा ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतात, इतर महिन्यांत ते साधं किनाऱ्यावरचं गाव. माडेरा आणि असोरेस बेटं विमानाने जायची, तिथे डोंगर चालायची हौस हवी. ती वेगळी सहल.

खर्चाच्या हिशेबात दोन बारीक गोष्टी धरा. लिस्बनला हॉटेलात माणशी दर रात्री ४ युरो आणि पोर्तोला ३ युरो पर्यटन कर वेगळा घेतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. परतताना पोर्ट वाइन घेतली तर बाटली कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. भारतात प्रौढ माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. शहरातून पोर्तोच्या विमानतळावर मेट्रो थेट जाते, अर्ध्या तासात.